तळ्यात बुडालेली आगगाडीची वाट

दोन वर्षांपूर्वी पुतण्याकडे टोरांटोला गेलो होतो. एका रविवारी तो म्हणाला, "काका, तुम्हांला जुन्या आगगाड्यांचं वेड. चला, पाण्यात बुडालेली एक वाट दाखवतो."

कॅनडातील ओंटारिओ सरोवराच्या उत्तर काठावर कोबर्ग नावाचे टुमदार बंदर आहे. तिथून उत्तरेला आम्ही हारवुड गावी गेलो. समोर राइस लेक पसरले होते. त्यात उगवणाऱ्या रानभातावरून इंग्रजांनी त्याला हे नाव दिले. तेथील मूळ रहिवासी पिढ्यान्‌पिढ्या नावेत बसून तो भात झोडून घेत. काठावरून मातीदगडांचा एक बांध निघतो आणि थोड्या अंतरावर पाण्यात गडप होतो. हीच ती वाट!

१८५३ साली आपल्याकडे बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली, त्याच वर्षी कोबर्गकरांनी आपल्या लोहमार्गाची पहिली कुदळ मारली. पीटरबरोकडचे लाकूड नि धान्य आपल्या धक्क्यावर यावे आणि जहाजांनी बाहेर जावे, हा त्यांचा बेत. मध्ये हे तळे आडवे! वळसा घालण्याऐवजी त्यांनी सरळ तळ्यावरूनच जवळजवळ तीन मैलांचा लाकडी पूल बांधला. गावाने त्यासाठी भले मोठे कर्ज काढले. बांधकामावर आलेले काही जर्मन मजूर पटकीने दगावले आणि मायदेशापासून दूर तिथेच मातीआड झाले. २९ डिसेंबर १८५४ रोजी गाडी पीटरबरोला पोहोचली.

पण तळ्याचा स्वभाव कोणी विचारात घेतला नव्हता. तिकडच्या हिवाळ्यात अख्खे तळे गोठते. थंडी वाढली की बर्फ आकसून तडकते, भेगांत पाणी शिरून तेही गोठते आणि हवा जरा उबदार झाली की सगळी लादी पसरून रेटा देते. त्या रेट्यापुढे लाकडी खांब ते काय! पहिल्याच हिवाळ्यात पूल हलला. मग दरवर्षी डागडुजी आणि दरवर्षी खर्च. शेजारच्या पोर्ट होप बंदराने मात्र तळ्याला वळसा घालून १८५८ मध्ये आपली गाडी पीटरबरोला नेली आणि व्यापार तिकडे वळू लागला.

१८६० मध्ये वेल्सचे युवराज, पुढचे सातवे एडवर्ड, कोबर्गला आले. त्यांना हारवुडपर्यंत गाडीने आणले, तळे मात्र आगबोटीने ओलांडायला लावले आणि पलीकडे पुन्हा गाडीत बसवले. राजपुत्राला त्या पुलावरून न्यायची कोणाची छाती झाली नाही! थोड्याच काळात पूल कायमचा मोडला.

कर्ज उरले, पण शहाणपणही उरले. १८६७ नंतर मार्मोराकडच्या खाणींतले लोखंडाचे खनिज याच तळ्यावरून तराफ्यांनी हारवुडला येऊ लागले; तिथून गाडीने कोबर्गला आणि पुढे जहाजाने अमेरिकेला. १९०७ मध्ये तर कमालच झाली. 'ओंटारिओ नंबर १' ही प्रचंड आगबोट पोटात रूळ घेऊनच आली! पलीकडच्या काठावरील रॉचेस्टरच्या बंदरातून कोळशाने भरलेले रेल्वेचे डबे तिच्यात ढकलायचे आणि कोबर्गच्या धक्क्यावर तसेच रुळांवर उतरवायचे. १९१५ मध्ये तिला जोडीदारीण मिळाली. ही ये-जा १९५० पर्यंत चालली. पाण्याला न जुमानणारा पूल धड सहा वर्षे टिकला नाही. पाण्याशी जुळवून घेणाऱ्या नावांनी त्रेचाळीस वर्षे संसार केला.

परतताना कोबर्गच्या धक्क्यावर थांबलो. कोळसा नाही, रूळ नाहीत. हौशी लोकांच्या पांढऱ्या शिडांच्या होड्या तेवढ्या डुलत होत्या. पुतण्या म्हणाला, "काका, हारवुडला होडी हाकणारे अजून त्या बांधाला जपून असतात. खालून लागतो म्हणे."

मी मान डोलावली. मला त्या जर्मन मजुरांची आठवण झाली होती. त्यांनी रचलेली वाट पाण्याखाली का होईना, अजून जागेवर होती.