तारेपासूनचे अंतर : एका नियमाचा इतिहास

१/ बांधकामाजवळून जाणारी प्रत्येक तार जिवंत आहे असेच मानावे, हा आज साधा वाटणारा नियम. त्याची पूर्वपीठिका न्यू यॉर्कच्या एका खांबापर्यंत जाते.

२/ १८८० च्या दशकात मॅनहॅटनच्या रस्त्यांवर तारायंत्र, दूरध्वनी आणि विजेचे दिवे यांच्या तारांचे दाट जाळे पसरले होते.

३/ ११ ऑक्टोबर १८८९. वेस्टर्न युनियनचा लाइनमन जॉन फीक्स भरदुपारी खांबावर चढला. काम होते तारायंत्राच्या, म्हणजे सौम्य दाबाच्या तारांवर. मात्र त्यांतील एक तार दूर कुठेतरी दिव्यांच्या उच्च दाबाच्या तारेला टेकली होती. मोठ्या जमावादेखत तो गतप्राण झाला. मृतदेह बराच वेळ तारांतच अडकून राहिला.

४/ लोकक्षोभ उसळला आणि शहरातील असंख्य तारा उतरवल्या गेल्या. कामगारांचे मरण मात्र थांबले नाही. १८९१ मध्ये सेंट लुइस येथे वीज कामगारांची संघटना स्थापन झाली. तिचे पहिले अध्यक्ष हेन्री मिलर स्वतः लाइनमन होते. १८९६ मध्ये वॉशिंग्टन येथे काम करताना विजेचा धक्का बसून ते खाली कोसळले व मरण पावले.

५/ उच्च दाबाच्या हवाई तारा बहुधा उघड्याच असतात. भोवतालची हवा हेच त्यांचे वेष्टन. म्हणजे अंतर हेच संरक्षण. क्रेनची भुजा किंवा लोखंडी शिडी फार जवळ गेली, तर प्रत्यक्ष स्पर्शाशिवायही वीज झेप घेऊ शकते.

६/ अमेरिकेच्या १९७० च्या दशकातील बांधकाम नियमांनी हे आकड्यांत मांडले : ५० किलोव्होल्टपर्यंतच्या तारेपासून क्रेन किमान १० फूट दूर. तार बंद असल्याचे तिच्या मालकाने सांगेपर्यंत आणि ती डोळ्यांना दिसेल अशी जमिनीशी जोडली जाईपर्यंत जिवंतच धरायची. फीक्सला हा नियम लाभला नव्हता.

७/ भारतात १९५६ च्या विद्युत नियमांनी ११ किलोव्होल्टच्या वाहिनीपासून इमारतीला बाजूने किमान १.२ मीटर आणि वरून ३.७ मीटर अंतर ठरवले. वाहिनीलगत बांधकाम करण्यापूर्वी मालक व ठेकेदार या दोघांनी वीजपुरवठादारास लेखी कळवावे, असेही बंधन घातले.

८/ या लेखी सूचनेचे मोल एका मोजमापातून कळते. १.२ मीटर हे अंतर उभ्या इमारतीसाठी आहे. बाजारात मिळणाऱ्या सळईची प्रचलित लांबी १२ मीटर असते. स्लॅबवर ती वळवणाऱ्या मजुराला इमारतीचे अंतर वाचवू शकत नाही. त्याला वाचवते ती काम सुरू होण्यापूर्वी बंद केलेली वाहिनी.