सात पिंगळे आणि एक खोटी चिठ्ठी

थंडी पडायला लागली की पुण्या-मुंबईच्या आयटीवाल्यांमध्ये एक नवीन जमात उगवते. शनिवारी पहाटे चारचा गजर, गळ्यात भलीमोठी लेन्स, आणि दुपारपर्यंत ग्रुपवर फोटो... "दुर्मिळ पाहुणा दिसला!" कधी भिगवणला, कधी शिवडीला, कधी तर चक्क ऑफिसमागच्या नाल्यावर. मीही याच जमातीतला, फक्त लेन्स जरा गरीब आहे :)

तर या 'दुर्मिळ' शब्दावरून एक गोष्ट सांगायची आहे. गोष्ट आमच्या खानदेशातली, पण तिचे धागे पार लंडन-अमेरिकेपर्यंत गेलेत. आणि आपल्यासारख्या दिवसभर डेटाशी झटापट करणाऱ्या लोकांनी तर ती वाचायलाच हवी.

माझं गाव नशिराबाद. जळगावहून भुसावळकडे निघालात की लागतं. आमच्याकडे पिंगळा म्हणजे दोन गोष्टी. एक, पहाटे दारावर येऊन भविष्य सांगणारा. दुसरा, चिंचेच्या ढोलीत राहणारा, दिवेलागणीला चिरचिर करत भांडणारा छोटा घुबडासारखा पक्षी. हा ठिपकेवाला पिंगळा गावोगाव आहे, त्यात दुर्मिळ काहीच नाही. पण त्याचा एक चुलतभाऊ आहे, रानपिंगळा. डोक्यावर ठिपके जवळजवळ नाहीतच, चोच दणकट, पंख-शेपटीवर रुंद पट्टे आणि पायांवर पांढरी पिसं. हा राहतो सागाच्या रानात. गोष्ट त्याची आहे.

१८७२ साली एफ. आर. ब्लुइट नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याला हा पक्षी आजच्या छत्तीसगडमधल्या फुलझर भागात मिळाला. पुढच्या वर्षी ॲलन ह्यूम यांनी त्याचं शास्त्रीय वर्णन छापलं आणि ब्लुइटचं नाव त्याला दिलं. (हो, हेच ते काँग्रेसच्या स्थापनेतले ह्यूम. पक्ष्यांचं वेड त्यांना त्याच्या कितीतरी आधीपासून होतं.) १८७७ साली व्हॅलेंटाइन बॉल या भूगर्भशास्त्रज्ञाला ओडिशाच्या खरियार भागात दुसरा मिळाला.

आणि मग आला खानदेश. जेम्स डेव्हिडसन हा सनदी नोकरीतला अधिकारी १८८०च्या सुमारास पश्चिम खानदेशात होता. महसुलाच्या कामासाठी तंबू घेऊन फिरायचं आणि फिरता फिरता पक्ष्यांच्या नोंदी करायच्या, असा त्याचा खाक्या. ह्यूमच्या 'स्ट्रे फेदर्स' या नियतकालिकात त्याने पश्चिम खानदेशच्या पक्ष्यांची यादीच छापली. शहादा-तळोद्याच्या रानातून त्याने रानपिंगळ्याचे पाच नमुने जमवले. त्या काळी नोंद म्हणजे बंदूक, हे आज वाचताना बरं वाटत नाही, पण तशी पद्धत होती. महत्त्वाचं हे की प्रत्येक नमुन्याच्या पायाला चिठ्ठी बांधलेली असायची. कुठे मिळाला, कधी, कोणाला. आपल्या भाषेत मेटाडेटा.

१८८४ नंतर रानपिंगळा गायब. सगळ्या जगात मिळून नमुने फक्त सात.

पण एक मिनिट. या सातांपैकी एकावर तारीख होती १९१४ची! कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागेन नावाच्या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने तो गुजरातेत तापीकाठच्या मांडवीला मिळाल्याचं लिहिलं होतं. हे साहेब म्हणजे मोठं प्रस्थ. युद्धातले पराक्रम, हेरगिरी, आणि हजारो पक्ष्यांचा खासगी संग्रह, जो त्यांनी पुढे ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला. अशा माणसावर शंका कोण घेणार? साहजिकच रानपिंगळ्याची 'शेवटची खात्रीची नोंद' म्हणजे मांडवी, १९१४, असं पुस्तकांतून पक्कं झालं. शोध घेणारे या चिठ्ठीच्या भरवशावर मांडवीकडेही गेले. सालिम अली आणि डिलन रिप्ली यांनीही १९७०च्या दशकात शोध घेतला. हाती काही लागलं नाही. १९८७ मध्ये सालिम अली गेले, तोवर हा पक्षी बहुधा संपला असंच बरेच जण धरून चालले होते.

१९९०च्या दशकात पामेला रासमुसेन या अमेरिकन पक्षीशास्त्रज्ञ दक्षिण आशियाच्या पक्ष्यांवरच्या पुस्तकाचं काम करत होत्या. त्यासाठी संग्रहालयातले नमुने एकेक करून तपासणं चाललं होतं. त्यात माइनर्ट्झहागेनच्या नोंदींचा ताळमेळ बसेना. १९९३ साली ॲलन नॉक्स यांनी त्याच्या दुसऱ्या काही नमुन्यांमधली लबाडी छापून उघड केलेलीच होती. मग रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी मांडवीचा पिंगळा हातात घेतला. एक्स-रे काढले, शिवण पाहिली, आतलं भरण पाहिलं. निष्कर्ष काय? पक्षी दोनदा भरलेला होता, आणि पहिल्या भरणाची धाटणी होती थेट डेव्हिडसनची! म्हणजे म्युझियममधून आमच्या खानदेशचाच पिंगळा उचलायचा, उसवून पुन्हा शिवायचा, नवी चिठ्ठी बांधायची, की झाला नवा शोध. हे संशोधन १९९९ साली 'आयबिस' या नियतकालिकात आलं, आणि पिंगळा हा एकच बळी नव्हता. बाकीच्या नमुन्यांतही अशी उदाहरणं निघाली.

यातली खरी ग्यानबाची मेख अशी, की ही थाप अगदी बेमालूम होती. मांडवीही तापीवरच, जंगलही त्याच धाटणीचं. साहेबांनी 'मद्रास' लिहिलं असतं तर कोणीतरी पहिल्याच दिवशी पकडलं असतं. आपल्या कामातही हेच, नाही का? जो डेटा उघड-उघड चुकीचा आहे तो सिस्टीम फेकून देते. जो चुकीचा असूनही शहाण्यासारखा दिसतो, तो सगळ्या चाचण्या पास होऊन वर्षानुवर्षं आत बसून राहतो.

मांडवीची नोंद पुसल्यावर काय उरलं? ब्लुइट, बॉल आणि डेव्हिडसनच्या जुन्या, खऱ्या चिठ्ठ्या. नोव्हेंबर १९९७ मध्ये रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट या चिठ्ठ्यांच्या मागावर भारतात आले. आधी पूर्वेकडची ठिकाणं धुंडाळली. काही नाही. मग शहादा. आणि २५ नोव्हेंबरला सकाळी, सातपुड्याच्या पायथ्याशी, निष्पर्ण फांदीवर ऊन खात रानपिंगळा बसलेला! तब्बल ११३ वर्षांनी. व्हिडिओ घेतला, फोटो घेतले. हा पक्षी दिवसाढवळ्या वावरतो, थंडीच्या सकाळी झाडाच्या शेंड्याजवळ बसतो. म्हणजे लपून वगैरे बसला नव्हता. शहादा तेव्हा धुळे जिल्ह्यात होतं, नंदुरबार जिल्हा व्हायला अजून काही महिने होते.

पण मधल्या काळात काय काय गेलं याचाही हिशोब मांडायला हवा. डेव्हिडसनच्या त्याच तळोद्याच्या रानापैकी २७०० हेक्टर जमीन १९९० मध्ये नर्मदा प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनासाठी मोकळी करण्यात आली. धरणात घरदार गेलेल्या आदिवासींना जमीन मिळायलाच हवी होती, त्यात वाद नाही. पण त्या निर्णयाच्या वेळी, इथे जगातल्या अत्यंत दुर्मिळ पक्ष्यांपैकी एक राहत असेल, हे बोलणारं कोणीच नव्हतं. पुस्तकांत 'शेवटची नोंद' गुजरातेत होती ना! एका चिठ्ठीची किंमत अशी कुठल्या कुठे जाऊन फुटते.

पुढे पत्ता कळल्यावर लोक शोधू लागले आणि तो सापडत गेला. तोरणमाळ, मेळघाट, मध्य प्रदेशात खंडवा-बऱ्हाणपूर. आमच्या जळगाव जिल्ह्यातल्या यावल अभयारण्यातसुद्धा! थंडीत हवा स्वच्छ असली की नशिराबादहून उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ दिसते, त्याच रेघेत. आणि २०१४ मध्ये तो कुठे दिसला माहितीये? तानसा अभयारण्यात. मुंबईच्या नळाला जिथून पाणी येतं, तिथे. मुंबईपासून साधारण शंभर किलोमीटर. तिथे तो असेल असं कोणाला वाटलंच नव्हतं. २०१८ साली जागतिक यादीत त्याचा दर्जा 'अतिसंकटग्रस्त'वरून 'संकटग्रस्त' असा थोडा सुधारला. तरी प्रौढ पक्ष्यांचा अंदाज हजाराच्या आतच आहे, तेव्हा पेढे वाटायची वेळ आलेली नाही.

मला या सगळ्यात आवडतो तो डेव्हिडसन. त्याच्या नावावर माइनर्ट्झहागेनसारख्या रोमहर्षक कथा नाहीत. त्याने जे पाहिलं ते जिथे पाहिलं तिथलंच म्हणून लिहिलं, एवढंच. ११३ वर्षांनी तेवढंच उपयोगी पडलं.

तर मंडळी, या शनिवारी काही वेगळं दिसलं, तर फोटोबरोबर जागा, तारीख आणि वेळ लिहा. ओळख पक्की नसेल तर 'पक्की नाही' असंही बिनधास्त लिहा. भिगवणचा फोटो मुळशीचा म्हणून टाकू नका, भले लाईक दुप्पट मिळोत. फक्त घरटं असेल तर नेमका पत्ता नोंदीत आणि वनखात्याकडे जाऊ द्या, ग्रुपवर नको. नाहीतर रविवारी तिथे चाळीस लेन्स उभ्या राहतील, आणि सोमवारी पिंगळा नसेल.