हातात सुई नसते!

सलाईन लावलेल्या पेशंटला भेटायला गेलं की एक वाक्य हमखास कानावर पडतं. "अगं, हात हलवू नकोस, आत सुई आहे!" आई म्हणते, काकू म्हणतात, शेजारच्या कॉटवरच्या पेशंटचे नातेवाईकही म्हणतात. गंमत अशी की आत सुई नसतेच. ती लावताना लगेच बाहेर आलेली असते. शिरेत असते ती साधारण इंचभर लांबीची मऊ प्लॅस्टिकची नळी. कुठे तिला इंट्राकॅथ म्हणतात, कुठे वेनफ्लॉन. दोन्ही मुळात ब्रँडची नावं, पण आपल्याकडे त्यांचं झेरॉक्ससारखं झालंय.

गेले काही वीकेंड मी ह्या नळीचा इतिहास वाचतोय. मी डॉक्टर नाही, कोड लिहून पोट भरणारा माणूस. पण वाचता वाचता वाटलं की ही गोष्ट औषधांपेक्षा इंजिनियरिंगचीच जास्त आहे. प्रश्न तीन. शिरेत शिरायचं कसं? शिरल्यावर तिथे टिकायचं कसं? आणि वापरलेल्या सुईचं करायचं काय? पहिल्या दोघांवर लोकांनी तीनशे वर्षं डोकं चालवलं. तिसरा प्रश्न आहे हेच खूप उशिरा लक्षात आलं, आणि मला वाटतं खरी गोष्ट तिथेच आहे.

तर सुरुवात १६५६ सालापासून. ऑक्सफर्डमध्ये क्रिस्टोफर रेन नावाच्या तरुणाने पिसाची पोकळ दांडी आणि प्राण्याच्या मूत्राशयाची पिशवी जोडून एका कुत्र्याच्या शिरेत दारूत विरघळवलेली अफू सोडली. कुत्रं झिंगलं, पण जगलं. हा रेन म्हणजे पुढे लंडनचं सेंट पॉल कॅथीड्रल बांधणारा आर्किटेक्ट, बरं का! म्हणजे शिरेत शिरता येतं हे साडेतीनशे वर्षांपूर्वीच सिद्ध झालं होतं. पण शिरून करायचं काय, ते कोणालाच ठाऊक नव्हतं.

ते कळलं कॉलऱ्यामुळे. १८३१ मध्ये साथ इंग्लंडात सुंदरलंडला पोचली. विल्यम ब्रूक ओ'शॉनेसी ह्या बावीस वर्षांच्या आयरिश डॉक्टरने पेशंटच्या रक्ताची तपासणी केली आणि सांगितलं, रक्तातलं पाणी आणि क्षार निघून गेलेत, ते परत घाला. (हा पुढे कलकत्त्याला आला, मेडिकल कॉलेजात प्राध्यापक झाला, आणि १८५० च्या दशकात हिंदुस्थानात तारायंत्राचं जाळं उभारणारा मुख्य माणूसही हाच. काही लोकांचे रेझ्युमे बघून आपल्याला झोप लागत नाही ती अशी :) )

ओ'शॉनेसीने सांगितलेलं प्रत्यक्ष करून दाखवलं स्कॉटलंडमधल्या लीथच्या थॉमस लाटाने, मे १८३२ मध्ये. पहिली पेशंट एक म्हातारी बाई. सगळे उपाय थकलेले, नाडी लागत नव्हती. लाटाने दंडाच्या शिरेत चांदीची बारीक नळी घातली आणि पंपाने खारं पाणी सोडायला सुरुवात केली. आधी काहीच फरक दिसेना. मग श्वास सुधारला, खोल गेलेले डोळे उजळले, नाडी परत आली. अर्ध्या तासात सहा पाइंट, म्हणजे तीन लिटरच्या आसपास पाणी आत गेलं होतं. बाई वाचली असं समजून लाटा तिला हॉस्पिटलच्या डॉक्टरांवर सोपवून गेला. थोड्या वेळाने उलट्या-जुलाब पुन्हा सुरू झाले, सलाईन मात्र पुन्हा दिलं गेलं नाही, आणि काही तासांत ती गेली.

हे वाचताना मी थांबलो. उपाय बरोबर होता. डोसही काम करत होता. कमी पडलं ते सातत्य. आमच्या भाषेत सांगायचं तर, कनेक्शन झालं, डेटा गेला, आणि कनेक्शन बंद झालं. पुन्हा हवं असेल तर सगळा खटाटोप पहिल्यापासून. पाणी तासन् तास, थेंब थेंब देत राहायला शिरेतली वाटच उघडी राहायला हवी होती. लाटा स्वतः पुढच्याच वर्षी वारला आणि ही पद्धत अनेक दशकं मागे पडली.

पोकळ सुई आली ती १८४४ ते १८५३ च्या दरम्यान. डब्लिनचा रिंड, एडिंबरोचा वुड, फ्रान्सचा प्राव्हाझ अशी नावं त्यात येतात. विसाव्या शतकात सलाईनची बाटली आणि रबरी नळी वॉर्डात रुळली. पण शिरेत असायची ती स्टीलचीच सुई, उकळून आणि धार लावून पुन्हा पुन्हा वापरलेली. आता शीर म्हणजे नाजूक, वळणारी नळी, आणि तिच्यात टोकदार, ताठ स्टील. पेशंटने कूस बदलली की सुई आरपार! सलाईन शिरेऐवजी कातडीखाली साठणार आणि हात टम्म सुजणार. म्हणून पेशंटचा हात फळीला बांधून ठेवायचे. आपल्या काकूंचं "हात हलवू नकोस" त्या काळात शंभर टक्के बरोबर होतं.

प्लॅस्टिक आल्यावर १९४५ च्या सुमारास लोकांनी सरळ विचार केला: जाड सुई टोचा, तिच्या आतून बारीक नळी सरकवा, सुई काढून घ्या. चाललं, पण एक गोची होती. भोक सुईच्या मापाचं आणि नळी त्याहून बारीक, त्यामुळे कडेने गळती. १९५० मध्ये अमेरिकेतल्या रॉचेस्टरच्या मेयो क्लिनिकमध्ये डेव्हिड मासा ह्या भूलशास्त्र शिकणाऱ्या रेसिडेंटने हे उलटं केलं. नळी सुईच्या आत घालण्याऐवजी सुईवरून, मोज्यासारखी चढवली. दोन्ही एकत्र आत जातात, मग नळी पुढे सरकवायची आणि सुई मागे ओढायची. आता भोक सुईचं आणि नळी त्याहून किंचित जाड, त्यामुळे घट्ट बसते. "रॉचेस्टर नीडल" म्हणून ती ओळखली जाऊ लागली. आज आपल्या हाताला लागते ती तिचीच नातवंडं. १९६४ मध्ये युटामधल्या डेझरेट कंपनीने एकदा वापरून फेकायची अँजिओकॅथ आणली आणि धार लावायचे दिवस संपत गेले. नळीसाठी पुढे टेफ्लॉन आलं, मग पॉलियुरेथेन, जे शरीराच्या उबेने आणखी मऊ होतं.

मधल्या काळात स्टॉकहोममध्ये स्वेन-इवार सेल्डिंगर नावाचा तिशीतला रेडिओलॉजिस्ट अशाच कोड्याशी झटत होता. त्याला शरीरात खोलवर लांब नळी न्यायची होती, तीही मोठं भोक न पाडता. हातात तीन वस्तू: सुई, तार, नळी. त्याने फक्त क्रम बदलला. आधी सुई, सुईतून तार, सुई बाहेर, तारेवरून नळी, तार बाहेर. संपलं! १९५३ मध्ये पेपर छापून आला. एवढ्याशा गोष्टीवर डॉक्टरेट मिळणार नाही असं त्याला सांगण्यात आलं म्हणे. आज आपल्या आई-वडिलांची अँजिओग्राफी होते किंवा आयसीयूत मानेतून सेंट्रल लाईन टाकतात, ती बहुधा ह्याच पद्धतीने.

जाता जाता रंगांबद्दल, कारण मला ते फार आवडलं. नळीच्या टोपणाचा रंग म्हणजे तिचं माप: हिरवी १८ गेज, गुलाबी २०, निळी २२, पिवळी २४. आकडा वाढला की नळी बारीक. उलटं वाटतं, पण हे माप आलंय तार ओढण्याच्या कारखान्यांतून. आणि नळीची त्रिज्या निम्मी केली तर प्रवाह निम्मा होत नाही, सोळावा हिस्सा होतो (फ्लुइड मेकॅनिक्सचा पेपर आठवा). म्हणून अपघाताच्या पेशंटला जाड नळी आणि तान्ह्या बाळाला पिवळी.

असो. तर १९६४ पर्यंत शिरणं जमलं, टिकणंही बऱ्यापैकी जमलं. पेशंटच्या दृष्टीने प्रॉडक्ट तयार. पण मघाशी मी म्हटलं की सुई बाहेर येते. ती येते कुणाच्या हातात? सिस्टरच्या. एका हाताने शीर दाबलेली, दुसऱ्या हातात रक्ताने माखलेली, उघडी, पोकळ सुई. पेशंट कण्हतोय, नातेवाईक विचारतायत, आणि सुई टाकायचा डबा चार पावलं लांब. हे डिझाईन कोणाला खटकलं नाही, कारण डिझाईन करताना "युजर" म्हणजे पेशंट असं गृहीत धरलं होतं. वापरणारी वेगळीच होती.

मग एड्स आला. १९९२ मध्ये पेनसिल्व्हेनियात लिंडा आर्नोल्ड ही विशीतली नर्स एका पेशंटला अशीच नळी लावत होती. पेशंटचा हात हलला, सुई तिला टोचली, आणि काही महिन्यांनी तिची एचआयव्ही टेस्ट पॉझिटिव्ह आली. तिने गप्प न बसता मोहीम उघडली. अशा एका टोचण्यातून एचआयव्ही होण्याची शक्यता हजारात तीनच्या आसपास, म्हणजे कमी. पण अमेरिकेतल्या हॉस्पिटलांत वर्षाला अशा सुमारे ३,८५,००० घटना होतात असा तिथल्या सरकारी आरोग्य यंत्रणेचा अंदाज होता. गुणाकार तुम्हीच करा. हिपॅटायटिस बी आणि सी वेगळेच.

६ नोव्हेंबर २००० रोजी तिथे ह्यासाठी कायदा झाला. त्यातलं एक कलम वाचून मी खुर्चीत सरळ बसलो. सुरक्षित उपकरणं निवडताना, पेशंटची प्रत्यक्ष काळजी घेणाऱ्या, मॅनेजर नसलेल्या कर्मचाऱ्यांचं मत घेणं बंधनकारक! जो वापरतो त्याला विचारा, हे आम्हाला प्रत्येक प्रोजेक्टच्या सुरुवातीला सांगतात आणि आम्ही प्रत्येक प्रोजेक्टमध्ये विसरतो. इथे ते करायला संसदेला कायदा करावा लागला, आणि त्याआधी अनेकींना ते स्वतःच्या रक्ताने सांगावं लागलं.

उपाय काही रॉकेट सायन्स नव्हता. एका प्रकारात बटण दाबलं की स्प्रिंगने सुई दांडीत मागे जाते. दुसऱ्यात सुई बाहेर येताच एक बारीक धातूची क्लिप आपोआप टोकावर बसते, आठवणीने काही करावं लागत नाही. मला दुसरा प्रकार जास्त पटतो. रात्रपाळीच्या अकराव्या तासाला माणसाच्या लक्षात राहण्यावर सिस्टिम उभी करू नये. अशा नळ्या महाग पडतात, त्यामुळे आपल्याकडे अजून साध्या नळ्या सर्रास वापरतात. २०१६ च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांप्रमाणे सुया भोक न पडणाऱ्या पांढऱ्या डब्यात जायला हव्यात. त्या तशा गेल्या नाहीत तर टोचतात सफाई करणाऱ्या मावशींना, ज्यांचं मत कुठल्याच मीटिंगमध्ये घेतलेलं नसतं.

आणि टिकण्याचा प्रश्न तरी पूर्ण कुठे सुटलाय? २०१५ च्या एका आढाव्यानुसार हाताला लावलेल्या ३५ ते ५० टक्के नळ्या उपचार संपण्याआधीच निकामी होतात. म्हणून कधी सलाईन लागलं आणि जागा दुखली, लाल झाली किंवा सुजली, तर "असेल, नवी आहे ना" म्हणत बसू नका, सिस्टरना लगेच सांगा. हात थोडाफार हलवला तर चालतो, फळीचा जमाना गेला. आणि त्या नळी लावत असतील तेव्हा डॉक्टर कधी येणार, बिल किती होईल हे विचारू नका. सुई डब्यात पडेपर्यंत थांबा. एखाद-दुसऱ्या मिनिटाचाच तर प्रश्न असतो.