हाक्यातला वाटा

पोरगा मोठा झाला हे ठरवणारा वेगळा विधी आमच्या वारली घरात नव्हता. शिकारीच्या वाट्यात त्याचं पान मांडलं गेलं की तो मोठा.

मोखाड्याजवळच्या आमच्या पाड्यावर आजा हे सांगायचा, ते जव्हारच्या मुकणे राजांच्या काळातलं. आधी हातात बेचकी. मग पहिल्या पावसातले खेकडे. ओहोळाच्या काठी बिळाच्या तोंडाशी ताज्या चिखलाच्या गोळ्या दिसल्या की खेकडा आत. तोंड कोरडं, गुळगुळीत असलं तर हात घालायचा नाही, आत साप असायचा. बसवून कुणी शिकवत नसे, थोरल्यांच्या मागं फिरून कळे. भात कापून झालं की बांधातले उंदीर. त्यात हात बसला की पोराला हाक्याला नेत.

हाक्यात पोरं आरडाओरडा करत, डबे बडवत ससा नाहीतर रानडुक्कर जाळ्याकडे रेटायची. पलीकडे तिरकमठा घेतलेली माणसं दबा धरून बसत. रांगेत जागा सोडायची नाही, एवढाच नियम, पण पोराची खरी परीक्षा तीच. समोरून डुक्कर आलं आणि पोर झाडावर चढलं, तर जनावर तिथूनच निसटणार आणि सगळ्यांचा दिवस वाया जाणार.

मग पळसाच्या पानांवर वाटे पडत. बाण मारणाऱ्याला जास्त, पण हाका घालणाऱ्या प्रत्येकाला एक पान. पाड्यावरच्या एकट्या म्हातारीलाही. स्वतःचं पान मिळण्याआधी आजाचं जेवण बापाच्या वाट्यातून होई. नेम धरण्यापेक्षा हे वाटून घेणंच मला या शिकारीचा गाभा वाटतं.

1948 साली जव्हार संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकार गुन्हा ठरवली. 2006 च्या वनहक्क कायद्यानं आदिवासींचे परंपरेनं चालत आलेले बाकीचे हक्क मान्य केले, शिकारीचा मात्र नाव घेऊन वगळला. रान विरळ झालंय, जनावर उरलं नाही, म्हणून ही बंदी मला पटते. पण रान वाचायची ती शाळा शिकारीबरोबर बंद पडली, याचं मला फार वाईट वाटतं. पाड्यावरच्या जाणत्यांकडून ते ज्ञान आत्ताच लिहून घ्यायला हवं.

आश्विन वद्य द्वादशीला, वाघबारशीला, गुराखी पोरं घरोघर तांदूळ मागतात आणि वाघोबा देवापुढे खीर शिजवतात. एकाला वाघ करतात, बाकीचे ओरडत त्याच्यामागे लागतात. रांग कशी धरायची, हे आता त्यांना या खेळातच कळतं.