शेणानं सारवलेलं घर

मिशनऱ्यांबद्दल आपल्याकडे दोनच प्रकारे बोललं जातं. एका बाजूला त्यांना सेवेचे पुतळे ठरवलं जातं, दुसऱ्या बाजूला साम्राज्याचे हस्तक. दोन्ही बाजूंचे लोक चर्चच्या दारातून आत शिरतात आणि चर्चच्याच दारातून बाहेर पडतात. शेजारच्या घरात चूल कशी पेटत होती, पाणी कुठून येत होतं, मुलं कोण सांभाळत होतं, हे फारसं कुणी विचारत नाही. मीही कधी विचारलं नव्हतं. दक्षिण आफ्रिकेतल्या एका मिशनरी बाईच्या पत्राबद्दल वाचलं आणि माझं लक्ष त्या घराकडे गेलं.

ती बाई म्हणजे मेरी मोफॅट. इंग्लंडमधल्या एका रोपवाटिकेच्या मालकाची मुलगी. तिचा नवरा रॉबर्ट स्कॉटलंडचा, पेशानं माळी. तिच्याच वडिलांच्या रोपवाटिकेत तो कामाला होता. लंडन मिशनरी सोसायटीनं त्याला आफ्रिकेला पाठवलं, मागोमाग मेरी एकटी जहाजानं गेली आणि डिसेंबर 1819 मध्ये केप टाऊनला त्यांचं लग्न लागलं. तिथून बैलगाडीनं आठवडेच्या आठवडे प्रवास करून ते उत्तरेला त्लापिंग लोकांच्या मुलखात पोहोचले. ही सेत्स्वाना बोलणारी माणसं, मोथिबी हा त्यांचा राजा. पुढे 1824 मध्ये कुरुमानला जागा मिळाली आणि तिथेच या कुटुंबानं 1870 पर्यंत मुक्काम केला.

सुरुवातीच्या वर्षांतल्या एका पत्रात मेरीनं माहेरी कळवलं, की आम्ही घरातल्या सगळ्या जमिनी आठवड्यातून एकदा तरी शेणानं सारवतो. पहिल्यांदा हा प्रकार पाहिला तेव्हा असला घाणेरडेपणा आपल्या घरात करायचा नाही, असं तिनं ठरवलं होतं. पण धुळीनं आणि पिसवांनी तिला शहाणं केलं. शेण पाण्यात कालवून पातळ हात फिरवला की धूळ बसते, पिसवा मरतात आणि जमिनीला छान हिरवट रंग येतो, हे तिनं स्वतः पाहिलं. मग तिला शनिवार कधी येतो असं व्हायला लागलं.

हे वाचताना मला माझी दादी आठवली. तीसुद्धा जुम्म्याच्या आदल्या दिवशी ओसरी सारवायची. वर चटई, चटईवर जानमाज. शेण पाक की नापाक यावर इमामांमध्ये मतभेद आहेत, हे मला फार उशिरा कळलं. दादीनं तो प्रश्न चटई टाकून सोडवला होता. मेरीला आमच्या ओसरीवर बसवलं असतं तर तिला काही वेगळं वाटलं नसतं.

पण मेरीला सारवणं शिकवलं कुणी? तिथल्या त्स्वाना बायकांच्या हातची ही रोजची विद्या. ज्यांना शिकवायला ती हजारो मैल आली, त्यांच्याकडूनच तिला जमीन कशी राखायची ते शिकावं लागलं. मेरीचं नाव इतिहासात राहिलं, तिला शिकवणाऱ्या बायकांचं राहिलं नाही.

कुरुमानचं मिशन म्हणजे एका अर्थी शेतीच होती. रॉबर्ट माळी होता, त्यामुळे आधी बाग आणि मग बाकी सगळं. कोरड्या मुलखात नदीचं पाणी पाटानं आणायचं, गहू, मका, भाज्या, फळझाडं लावायची. तोच सुतार, तोच लोहार, तोच गवंडी. घरात मेरीला दहा बाळंतपणं झाली, त्यातली काही मुलं लहानपणीच गेली. शाळा, शिवणकाम, येणारे-जाणारे प्रवासी, आजारी माणसं हे सगळं तिच्याकडे. घराला कडी लावून एकांतात बसायची सोय नव्हती. गावातले लोक सरळ आत येऊन बसत. त्यांच्या अंगाला चरबी आणि लाल-चकचकीत माती चोपडलेली असे, ते जिथे टेकतील तिथे डाग पडत. कुणी गप्पा मारी, कुणी तिथेच झोपी जाई. प्रार्थनेला जावं तर मागे भांडीकुंडी जागेवर राहतील याची खात्री नसे.

खरा तंटा पाण्यावरून झाला. मिशनऱ्यांनी काही मैल लांबून पाट खणून आणला, कारण त्यांच्या बागेला पाणी लागत होतं. गावातल्या बायकांनी पाहिलं की पाणी वाहतंय, तर त्यांनी मध्येच पाट फोडून आपल्या रानात घेतलं. मिशनची पिकं करपायला लागली. दिवसभर राबून रॉबर्टला मध्यरात्री पाणी वळवायला जावं लागे. तक्रार केली तेव्हा बायका कुदळी घेऊन गेल्या आणि त्यांनी बंधाराच फोडून टाकला.

रॉबर्टनं ही हकिकत 1842 च्या आपल्या पुस्तकात लोकांच्या आडमुठेपणाचा नमुना म्हणून दिली आहे. पाटपाण्याच्या पाळीवरून भावाभावांची डोकी फुटतात अशा मुलखात मी वाढलो, त्यामुळे मला ती वेगळी दिसते. नदी कुणाची होती? बाहेरून आलेल्या माणसानं पाट खणला म्हणून पाणी त्याचं होतं का? त्या बायकांचं म्हणणं कुणी लिहून ठेवलं नाही. कुदळ मात्र त्यांनी चालवली, आणि त्यांचं म्हणणं त्यात आलंच आहे.

मग दुष्काळ पडला. पाऊस पाडणाऱ्या एका प्रसिद्ध माणसाला दुरून बोलावून आणलं. त्याच्यानं पाऊस पडेना, तेव्हा दोष मिशनच्या घंटेवर गेला, ती ढगांना घाबरवते म्हणून. एक सरदार भाला घेऊन दाराशी आला आणि म्हणाला, निघून जा. रॉबर्टनं छाती उघडी केली. मारायचं असेल तर मारा, जाणार नाही. मेरी तान्हं मूल घेऊन दारात उभी होती. ते लोक परत गेले. मिशनरी साहित्यात हा प्रसंग शौर्याचा म्हणून गाजला. तो होताही. पण समोरच्यांनी भाला खाली ठेवला, याचं श्रेय मी त्यांनाही देतो. दुष्काळात माणूस कुणाला तरी जबाबदार धरतोच. आपल्याकडेही पाऊस लांबला की लोक ईदगाहवर इस्तिस्काच्या नमाजला जमतात, तेव्हा आधी स्वतःच्या गुन्ह्यांची माफी मागायची असते. बोट शेजाऱ्याकडे दाखवायचं नसतं, हे त्या नमाजेतलं शहाणपण आहे.

या घरानं शिकलेली सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे भाषा. पहिली काही वर्षं रॉबर्टचं काम दुभाष्यावर चाले. पुढे भाषा थोडी समजायला लागली तेव्हा त्याला धक्का बसला. आत्म्याची मुक्ती ही फार मोठी बाब आहे, असं तो सांगायचा आणि दुभाषी लोकांना सांगायचा की ते एक फार मोठं पोतं आहे. लोक निमूटपणे ऐकून घेत. पोत्याची ती गंमत कळल्यावर 1827 मध्ये रॉबर्ट घर सोडून काही आठवडे बारोलोंग लोकांच्या वस्तीत जाऊन राहिला, जिथे कानावर सेत्स्वानाशिवाय दुसरं काही पडणार नाही. तेवढे दिवस घर, मुलं आणि मिशन मेरीनं एकटीनं रेटलं.

1829 मध्ये पहिल्या काही जणांचा बाप्तिस्मा झाला. त्याच्या कितीतरी आधी इंग्लंडमधल्या मैत्रिणीनं काय पाठवू असं विचारलं होतं, तेव्हा मेरीनं प्रभुभोजनाची भांडी मागितली होती. तेव्हा एकही माणूस ख्रिस्ती झालेला नव्हता. पेटी नेमकी पहिल्या प्रभुभोजनाच्या तोंडावर येऊन पोहोचली. पुढे 1831 मध्ये हातानं चालवायचं छापयंत्र बैलगाडीनं कुरुमानला आलं आणि 1857 पर्यंत संपूर्ण बायबल सेत्स्वानात छापून तयार झालं.

इथे मला केप टाऊन आठवतं. ज्या शहरात या दोघांचं लग्न झालं, तिथे त्याच काळात मुसलमानही होते. बरेचसे गुलाम किंवा डचांनी पूर्वेच्या बेटांवरून आणलेले कैदी. तिदोर बेटावरून आणलेले इमाम अब्दुल्ला, ज्यांना लोक तुआन गुरू म्हणत, त्यांनी कैदेत आठवणीतून कुरआन लिहून काढलं आणि सुटल्यावर मदरसा काढला. पुढे त्या मुसलमानांनी केपच्या बोलीत, म्हणजे आजच्या आफ्रिकान्समध्ये, अरबी लिपीत दीनाचं शिक्षण लिहिलं. तुर्कस्तानातून आलेल्या अबू बक्र एफेंदींचं अशा लिपीतलं पुस्तक 1877 मध्ये इस्तंबूलला छापलं गेलं. गुलामांना कळलं होतं की मूल ज्या भाषेत भूक लागली म्हणतं, त्याच भाषेत त्याला अल्लाहचं नाव समजावून सांगावं लागतं. आपण मराठी मुसलमान मराठीत बोलतो, भांडतो, शेती करतो, आणि दीनाची गोष्ट निघाली की मराठी परकी वाटायला लागते. जुम्म्याच्या बयानात काही जणांच्या कानावर नुसती पोतीच पडत असतील, हे आपण कबूल करायला हवं.

मेरीची थोरली मुलगीही मेरीच. ती लहानपणीच शाळेसाठी शेकडो मैल दूर राहिली. 1845 मध्ये तिचं लग्न डेव्हिड लिव्हिंगस्टनशी झालं. कोलोबेंगला त्यांनी घर मांडलं, तिथला दिवसाचा क्रम लिव्हिंगस्टननं लिहून ठेवला आहे. पहाटे उठायचं, प्रार्थना आणि न्याहारी, मग अकरापर्यंत शाळा. दुपारी त्याचं लोहारकाम-सुतारकाम, तिचं घरकाम. जेवणानंतर तिची लहान मुलांची शाळा, शंभरेक मुलं जमत. वारुळ पोखरून त्यात आग करायची, तापलं की आत पाव ठेवून सपाट दगडानं तोंड झाकायचं. बरणीत दूध घुसळून लोणी काढायचं. राखेपासून साबण, चरबीच्या मेणबत्त्या. दुष्काळात टोळ खायचे. भाजलेले टोळ कोळंबीपेक्षा बरे, असं लिव्हिंगस्टन म्हणतो. टोळ आपल्याकडेही हलाल आहेत, खाणारे मात्र कमीच भेटतील.

हे सगळं करणाऱ्या मेरीला नवऱ्यानं गरोदरपणातही वाळवंटाच्या सफरीवर नेलं. 1850 मध्ये परतल्यावर जन्मलेलं बाळ सहा आठवड्यांत गेलं. पुन्हा दिवस राहिले आणि पुन्हा सफर ठरली, तेव्हा कुरुमानहून सासूबाईंनी जावयाला सणसणीत पत्र लिहिलं. जावयानं ते आपल्या रोजनिशीत उतरवून घेतलं आणि सफर केलीच. 1862 मध्ये झांबेझीच्या काठी शुपांगाला मेरी तापानं गेली. लिव्हिंगस्टन 1864 मध्ये आपली छोटी आगबोट घेऊन मुंबईला आला होता. त्याच्या शेवटच्या प्रवासात नाशिकजवळच्या शरणपूरच्या मिशनमध्ये शिकलेले, गुलामीतून सुटलेले आफ्रिकी तरुण त्याच्यासोबत होते. त्यांच्यापैकी जेकब वेनराइट त्याच्या पार्थिवासोबत लंडनपर्यंत गेला. नवऱ्याची कीर्ती अशी आपल्या नाशिकपर्यंत पोहोचली. वारुळात पाव भाजणारी बाई मागेच राहिली.

आता या घराचा शेवटचा हिशेब. रॉबर्टची एंदेबेले राजा म्झिलिकाझीशी 1829 पासून दोस्ती होती. तिच्यामुळे मोफॅट या नावावर त्या दरबारात विश्वास होता. 1835 मध्ये कुरुमानला जन्मलेला रॉबर्टचा मुलगा जॉन पुढे इंग्रज सरकारचा अधिकारी झाला. फेब्रुवारी 1888 मध्ये त्यानं म्झिलिकाझीचा मुलगा लोबेंगुला याच्याशी करार केला, की इंग्रजांच्या परवानगीशिवाय दुसऱ्या कुणाला मुलूख द्यायचा नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सेसिल रोड्सच्या माणसांनी खनिजांचे हक्क लिहून घेतले. दुभाषी होता लंडन मिशनरी सोसायटीचाच मिशनरी, चार्ल्स हेल्म. दहापेक्षा जास्त गोरे येणार नाहीत, असं राजाला तोंडी सांगितलं गेलं. कागदावर ते नव्हतं. 1890 मध्ये रोड्सच्या कंपनीची फौज आली, 1893 मध्ये लोबेंगुलाचं राज्य बुडालं. जॉनचं पुढे रोड्सशी बिनसलं, त्यानं कंपनीवर टीकाही केली. तोवर जमीन गेली होती.

पोत्याच्या वेळी दुभाष्याच्या चुकीनं लोक फक्त गोंधळले होते. या वेळी भाषा पक्की येत होती, आणि राज्य गेलं. बापानं वर्षानुवर्षं कमावलेला विश्वास मुलाच्या एका सहीत खर्च झाला.

म्हणून मला मोफॅट कुटुंब ना फरिश्ते वाटतात, ना सैतान. शिकायला तयार होतं तोवर ते घर तिथल्या लोकांचं शेजारी होतं. शिकलेलं मालकांच्या हाती गेलं, तेव्हा शेजार संपला. आपणही कुठल्या वस्तीत इस्लाह करायला, शिकवायला, मदत वाटायला जातो. परतताना आपण तिथून काय शिकून आलो, हा प्रश्न एकदा स्वतःला विचारावा. दादीला अक्षर येत नव्हतं. पण घरी आलेल्या प्रत्येक मौलवीसाहेबांना ती जेवायच्या आधी विचारायची, आमच्या गावात काय काय पाहिलंत?