दुसऱ्या पडद्याची कुळकथा

टेबलावर दोन मॉनिटर मांडायची रीत गेमवाल्यांनी काढलेली नाही. १९८१ साली आयबीएमचा पीसी आला, तेव्हाच त्याच्यासाठी दोन निरनिराळी डिस्प्ले कार्डं मिळत होती. एकावर अक्षरं रेखीव, पण रंग नाहीत. दुसऱ्यावर रंग, पण अक्षरं भरडी. दोघांचे मेमरीतले पत्ते वेगळे असल्यामुळे ती एकाच पेटीत भांडण न करता नांदत. १९८३ च्या लोटस १-२-३ मध्ये याचा नेमका फायदा घेतला होता : आकड्यांचा तक्ता एका पडद्यावर, त्याचा आलेख दुसऱ्यावर.

खेळात ही हौस पुरवणं त्या मानाने खर्चिक होतं. १९९३ च्या ‘डूम’च्या पहिल्या आवृत्त्यांत समोर, डावीकडे आणि उजवीकडे असं तीन पडद्यांवर पाहता येई, पण त्यासाठी तीन अख्खे संगणक नेटवर्कने जोडावे लागत. पुढे ती सोय काढूनच टाकली. विंडोज ९८ ने अनेक मॉनिटर ओळखायला सुरुवात केली, १९९९ च्या मॅट्रॉक्स जी४०० ने एकाच कार्डावर दोन मॉनिटर चालवून दाखवले, आणि २००७ च्या ‘सुप्रीम कमांडर’ने दुसऱ्या पडद्यावर रणांगणाचा नकाशा मांडला. दुसऱ्या पडद्याचा इतका अस्सल वापर मला दुसऱ्या कुठल्या खेळात दिसलेला नाही.

पण खरी कुळकथा आहे ती केबलची. दोन्ही बाजूंना स्क्रू असलेली पंधरा पिनांची व्हीजीए आयबीएमने १९८७ मध्ये आणली. तिच्यातून लाल, हिरवा, निळा हे रंग विजेच्या कमीजास्त दाबाने जातात. जुन्या काचेच्या नळीला तेच हवं होतं. एलसीडीला मात्र तो दाब मोजून पुन्हा आकड्यांत आणावा लागतो, आणि त्यात अक्षरांच्या कडा पुसट होतात. म्हणून १९९९ मध्ये डीव्हीआय आली : कार्डातले आकडे थेट पडद्यापर्यंत.

इथे जरा हिशेब मांडून बघा. १९२० गुणिले १०८० म्हणजे २०,७३,६०० ठिपके. सेकंदाला ६० वेळा पाठवले तर सुमारे साडेबारा कोटी. साध्या डीव्हीआयची मर्यादा साडेसोळा कोटींची, तेव्हा हे आरामात बसतं. १४४ हर्ट्झला तोच आकडा तीस कोटींच्या घरात जातो, आणि दुहेरी तारांची ड्युअल लिंक केबल लागते. तोंड जवळपास तसंच, मधल्या काही पिना तेवढ्या जास्त. चुकीची केबल लावली की महागडा मॉनिटर मुकाट ६० वर चालतो.

डीव्हीआयचीच पद्धत घेऊन, तिच्यात आवाजाची भर घालून टीव्ही कंपन्यांनी २००२ मध्ये एचडीएमआय काढली. संगणकवाल्यांच्या वेसा संस्थेने २००६ मध्ये डिस्प्लेपोर्ट आणला. त्यात चित्र नेटवर्कसारखं पुडक्यापुडक्यांनी जातं. एचडीएमआयचं तोंड तेव्हापासून बदललेलं नाही, आतली क्षमता मात्र बदलत गेली : १.४ वर फोर-के फक्त ३० हर्ट्झला, २.० वर ६० ला, २.१ वर १२० ला. त्यामुळे केबल घेताना तोंड पाहून काही कळत नाही. २.१ साठी ‘अल्ट्रा हाय स्पीड’ हे शब्द आणि पाकिटावरचं स्कॅन करायचं लेबल पाहावं.

डिस्प्लेपोर्टची खोड वेगळी. त्याच्या विसाव्या पिनेला दोन्ही टोकांकडून वीज असते, म्हणून साध्या केबलमध्ये ती तार जोडायचीच नाही असा नियम आहे. काही स्वस्त केबलींत ती जोडलेली असते. मग मॉनिटरची वीज उलटी कार्डात शिरते, आणि पीसी सुरू होताना रुसतो. वेसाचं प्रमाणपत्र असलेली केबल घ्या, मी तरी इथे पैसे वाचवणार नाही.

मुख्य, वेगवान मॉनिटर डिस्प्लेपोर्टवर लावावा आणि विंडोजच्या सेटिंगमध्ये हर्ट्झचा आकडा स्वतः तपासून घ्यावा. शेजारचा पडदा नकाशा किंवा मित्रांशी गप्पांसाठी असेल, तर तिथे ६० हर्ट्झ आणि साधी एचडीएमआय पुरते. काटकसर करायची ती तिथे.