धुराडे उरले, जमीन कुणाकडे गेली?

१/ सावेडीहून मुंबईस गेलेला तरुण लोअर परळच्या फिनिक्स मॉलमध्ये एकदा तरी डोकावतोच. तेथील झगमगाटात एक उंच धुराडे उभे दिसते. अनेकांना ती सजावट वाटते. वस्तुतः ती १९०५ साली स्थापन झालेल्या फिनिक्स गिरणीची खूण आहे. आजच्या थ्रेडमध्ये या धुराड्यापासून निघून गिरणी, तिची वस्ती आणि तिच्याखालची जमीन यांचा इतिहास पाहू.

२/ मुंबईतील पहिली कापडगिरणी कावसजी नानाभाई दावर यांनी ताडदेवला काढली. कंपनी स्थापन झाली १८५४ मध्ये आणि गिरणी सुरू झाली १८५६ मध्ये. पुढील अर्धशतकात भायखळ्यापासून परळ-लालबागपर्यंत गिरण्यांची रांग उभी राहिली. फिनिक्स ही त्या रांगेतील तुलनेने उशिराची गिरणी.

३/ धुराडे इतके उंच का? बाष्पकाच्या भट्टीला हवेचा जोरदार ओढा मिळावा म्हणून. वाफेच्या इंजिनाचे प्रचंड चक्र फिरे आणि दोर व पट्ट्यांच्या साहाय्याने ती गती साऱ्या मजल्यांवरील यंत्रांना पोहोचे. म्हणून सूतकताईच्या इमारती एका इंजिनाभोवती मजल्यांवर मजले चढवून बांधल्या जात.

४/ विणकामाचे तसे नव्हते. मागांच्या धक्क्यांनी वरचे मजले हादरत, म्हणून साचाखाते बहुधा जमिनीवर, एकमजली शेडमध्ये असे. त्याचे छप्पर करवतीच्या दातांसारखे असून काचा उत्तरेकडे असत. उजेड भरपूर मिळे, पण थेट ऊन येत नसे. अशा शेड्स फार जागा व्यापत. हा मुद्दा ध्यानात असू द्या. तो पुढे निर्णायक ठरणार आहे.

५/ १९१५ मध्ये टाटांच्या खोपोली प्रकल्पातून जलविद्युत मुंबईस येऊ लागली. गिरण्या तिच्या आरंभीच्या ग्राहक होत्या. वाफेचे महत्त्व हळूहळू ओसरले. धुराडी मात्र उभीच राहिली.

६/ यंत्रे चालवणारी माणसे आली कोकणातून आणि घाटावरून: रत्नागिरी, सातारा, पुणे आणि आपल्या नगर जिल्ह्यातूनही. भरती बहुधा जॉबरच्या हाती असे. 'बदली' कामगार पहाटे फाटकाशी उभा राही. कोणी गैरहजर असेल तरच त्याला काम मिळे. म्हणूनच राहायचे ते गिरणीपासून चालण्याच्या अंतरावर, भोंगा ऐकू येईल अशा ठिकाणी.

७/ १९२०च्या दशकात सरकारच्या विकास खात्याने वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाईल रोड येथे बीडीडी चाळी बांधल्या. एका इमारतीत ८० खोल्या, प्रत्येक सुमारे १६० चौरस फुटांची, शौचालय सामायिक. एका खोलीत अनेक गाववाले राहत. एक पाळी कामावर गेली की दुसरी त्याच जागी निजे. जेवण खानावळीत, आणि त्या बहुतांशी बायका चालवीत. गिरणीचे वेतन असे साऱ्या वस्तीत झिरपत होते.

८/ हक्कही याच वस्तीने मिळवले. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांनी १८९० मध्ये रविवारची सुट्टी मिळाली. १९२८चा संप सहा महिने चालला. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. अनेक गिरण्या पुन्हा पूर्ववत चालल्या नाहीत.

९/ आता जमिनीकडे वळू. १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीतील नियम ५८ने पुनर्विकासाला जाणाऱ्या गिरण्यांच्या जमिनीची ढोबळ वाटणी ठरवली: एक हिस्सा शहराच्या मोकळ्या जागांसाठी, एक सार्वजनिक घरांसाठी, एक मालकासाठी. २००१ मध्ये तो नियम बदलला. वाटणी उरली केवळ आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती. इमारती पाडून मोकळी होणारी जमीन वगळली गेली.

१०/ आता त्या शेड्स आठवा. गिरणीच्या आवाराचा मोठा भाग त्यांनीच व्यापलेला होता. छप्पर उतरल्यावरही त्याखालची जमीन कागदोपत्री 'बांधलेली' राहिली आणि उद्याने व घरांसाठीचा वाटा आक्रसला. उच्च न्यायालयाने २००५ मध्ये या बदलाविरुद्ध कौल दिला. सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २००६ रोजी तो निर्णय फिरवला.

११/ एक धुराडे जपले म्हणजे वारसा जपला, असे म्हणणे म्हणूनच अपुरे आहे. धुराड्याने व्यापलेली जागा वीतभर. प्रश्न होता तो शेडखालच्या एकरांचा आणि तेथे राबलेल्यांना त्याच परिसरात घर मिळण्याचा. औद्योगिक वास्तू पाहताना 'ही कोणी बांधली?' इतकेच विचारू नये. 'ती पडल्यावर जमीन कोणाला मिळाली?' हेही विचारावे.

१२/ आपल्या घरात किंवा गावात कोणी गिरणीत कामाला होते का? आजोबांना, पणजीला विचारा: कोणती गिरणी, कोणते खाते, कोणती चाळ? उत्तर तारखेसह लिहून ठेवा. धुराड्यावर ही नावे कोरलेली नाहीत.